तीनशेची खूण

पॅटर्न खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या तीन रेघा आहेत. वरच्या रेघेपुढे १६८, मधल्या रेघेपुढे १४७, खालच्या रेघेपुढे १२१. पंचावन्न वर्षांत चौकटीला चार वेळा रंग लागला. दर वेळी रंगाऱ्याला बजावलं गेलं, तेवढी जागा सोड.

*

फॉर्म, पान दुसरं. ‘पुढील प्रत्येक कौशल्य आपल्याकडे कोणाला येते? वय? त्यांच्याखेरीज आणखी कोणाला येते? वय? कोणालाच येत नसल्यास दुसरी व्यक्ती तयार होण्यास किती काळ लागेल?’

*

ऑफिसची खिडकी वर सरकवली की आपोआप खाली येते. तिला टेकू लागतो. आधी वीट होती. हल्ली एक जुनी लाकडी पट्टी आहे.

*

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, मधलं जाईल, कडेचं राहील.

*

मुकादम, वय अडुसष्ट, वाळू मुठीत दाबून तिची ओल सांगणारे: “साठ लिहा की. उद्या केस काळे करून येतो.”

*

दाराशी बिडाचं एक केसिंग उभं आहे. केसिंग म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच. नको असलेल्या पाहुण्यासारखं ते गेले आठ दिवस तिथंच आहे. कुणी आत या म्हणत नाही, कुणी जा म्हणत नाही.

*

रविवारी सकाळी घरची ओतकामाची फाउंड्री बंद होती, आणि बंद फाउंड्रीत आत्याला नेहमी कानात बोळे घातल्यासारखं वाटायचं. ऑफिसच्या लांब टेबलाभोवती पाच खुर्च्या मांडल्या होत्या. मांडल्या इंजिनियरने. इंजिनियर म्हणजे धाकट्यांचा मुलगा, वय चौतीस. घरात त्याला त्या नावाने पहिल्यांदा चिडवायला म्हणून हाक मारली होती, पण आता तीच चिकटली होती. दोन महिन्यांपूर्वी त्याने सगळ्या खोल्यांत पांढरेशुभ्र दिवे लावले, कोअरच्या बाकांना पाठ टेकायची सोय केली, हत्यारांवर मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या डकवल्या. “आपल्याकडे चौदा माणसं आहेत आणि सरासरी वय बासष्ट,” तो म्हणाला होता. “माणसं बदलता येत नाहीत तर निदान खुर्च्या बदलू.”

आत्याला, म्हणजे धाकट्यांच्या मोठ्या बहिणीला, त्या खुर्च्या आवडल्या होत्या. तसं ती बोलली नव्हती.

“उद्या अकराला पंप कंपनीची माणसं येणार,” धाकटे म्हणाले. ते ऑफिस सांभाळायचे. त्रेसष्ट वर्षांचे असूनही अजून ‘धाकटे’च. “हा फॉर्म भरून हातात द्यायचाय. पुढच्या दहा वर्षांचं काम आपल्याला द्यायचं की नाही, ते यावरून ठरवणार आहेत. कालच्या कामावरून नाही. त्यांना दहा वर्षांनी हे काम कोण करेल ते हवंय.”

“दहा वर्षांनी?” पॅटर्न करणारे थोरले भाऊ हसले. “दहा वर्षांनी मी एक्याऐंशीचा. लिही की.”

“दादा, मस्करी नको.”

“मी कुठं मस्करी करतोय? वडील ऐंशीपर्यंत उभे होते बाकापाशी.”

थोरले बोलताना धाकट्यांकडे बघत नव्हते. त्यांच्या कानापलीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. पाच-सहा वर्षांपासून ते सगळ्यांशी असंच तिरकं बघून बोलायचे. घरात सगळ्यांनी त्याचा आपापला अर्थ लावला होता. धाकट्यांना वाटायचं, वाटणीच्या त्या भांडणाची अढी गेलेली नाही. थोरल्यांच्या मुलीला वाटायचं, आपण फाउंड्री सोडून शाळेत शिकवायला गेलो ते बाबांनी अजून माफ केलेलं नाही. ती तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवायची. घरात सगळे तिला मास्तरीण म्हणायचे आणि आजही ती वही-पेन घेऊनच बसली होती.

खरा अर्थ फक्त आत्याला माहीत होता. थोरल्यांना मधलं दिसत नव्हतं. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर त्यांना बाजूला बघावं लागायचं. चालता यायचं, चहा ओतता यायचा, दार कुठं आहे ते कळायचं. पट्टीवरचे आकडे मात्र सहा वर्षांपूर्वीच पुसले गेले होते.

आणि त्या सहा वर्षांत या फाउंड्रीतला प्रत्येक नवा पॅटर्न आत्याने मापला होता.

*

फॉर्म, ओळ पहिली. भट्टीतल्या रसाचा रंग पाहून बीड तयार झाले हे ओळखणे. कोणाला येते: भट्टीवाले. वय: सहासष्ट. आणखी कोणाला: कोरी जागा.

ओळ दुसरी. वाळूची ओल हाताने ओळखणे. मुकादम. अडुसष्ट. कोरी जागा. (मुकादमांनी सुचवलं होतं: “माझ्या बायकोचं नाव घाला. माझ्या सगळ्या चुका तिला पाठ आहेत.”)

ओळ तिसरी. कोअर, म्हणजे साच्यातल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा, घडवणे. कोणाला येते: आत्या. सहासष्ट. कोरी जागा.

ओळ चौथी. लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा काढतात तो नमुना, तयार करणे.

*

“चौथीवर मला बोलायचंय,” इंजिनियर म्हणाला आणि उठून दाराशी गेला. केसिंगच्या तोंडावर त्याने मापाचा कॅलिपर लावला. “हे तीनशे हवं होतं. भरलंय दोनशे सत्त्याण्णव. म्हणजे तीन मिलिमीटरनं कमी. झाकण बसत नाही, पातं फिरत नाही. गेल्या महिन्यात काकांनी केलेल्या पॅटर्नवरून ओतलेलं हे पहिलं.”

“एखाद्या वेळी होतं,” धाकटे म्हणाले.

“एखाद्या जागी होतं, बाबा. हे सगळीकडे झालंय. उंची, रुंदी, कान, भोकं, सगळं एक टक्क्यानं लहान. गरम बीड थंड होताना बरोबर तेवढंच आकसतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो. काका ती वाढ धरायला विसरले.” त्याने आवाज खाली आणला. “काका, मी तुम्हाला बोल लावत नाहीये. वय झालं की होतं. म्हणून म्हणतो, पॅटर्न खोली बंद करू. जुने चारशे बारा पॅटर्न मी स्कॅन करतोय, त्यातले साठ झालेसुद्धा. पुढचे बाहेरून छापून घेऊ. फॉर्ममधली ही ओळच काढून टाकता येईल. कौशल्य लागतच नाही, असं लिहू.”

वाढ धरायला विसरले? वाढ तर दादाच धरायचा. मनात. तो म्हणायचा, “तीनशे,” आणि ती पट्टीवर तीनशेला सुरी टेकवून लाकडावर ओरखडा काढायची. मग त्याचं बोट धरून ओरखड्यावर ठेवायची. पुढचं सगळं त्याचं. करवत, रंधा, गोलाई. तिला वाटायचं, तो आकडा सांगतानाच त्यात वाढ घालून सांगतो. सहा वर्षं तिने कधी विचारलं नव्हतं. पॅटर्नचं काम मुलांना शिकवायचं, मुलीला वाळू द्यायची, असा वडिलांचा रिवाज होता. त्यामुळे काही गोष्टी विचारायच्या असतात हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

“याचं बरोबर आहे,” मास्तरीण वहीवरून नजर न उचलता म्हणाली. “बाबांनी आता थांबावं. आपण होऊन थांबले तर मान राहील.”

“तूसुद्धा?” थोरले म्हणाले.

“मी तुमच्याच बाजूनं बोलतेय, बाबा.”

“बाजू कळते मला.” थोरल्यांनी टेबलावर तळहात पसरले. हात अजिबात थरथरत नव्हते. “इंजिनियर, एक सांग. वाढ विसरलो म्हणतोस. वाढ मी आयुष्यात कधी धरलीच नाही, तर विसरेन कसा?”

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. आत्या सगळ्यांत जास्त.

“वाढ पट्टीतच असते,” थोरले म्हणाले. “वडिलांची पट्टी. तिच्यावरचं तीनशे हे खरं तीनशे तीन असतं. सगळे आकडे तसेच, ताणलेले. आपण चित्रातला आकडा घ्यायचा, पट्टीवर तोच बघायचा, की पॅटर्न आपोआप मोठा. चूक व्हायला जागाच नाही. डोकं चालवायचं नाही, हीच त्यातली अक्कल.”

“हे कुठं लिहिलंय?” मास्तरणीने विचारलं.

“लिहायचं काय त्यात? पट्टी हातात धरली की कळतं. शंभरा-शंभरावर वडिलांनी खाचा पाडल्यात, नखाला लागतात.”

इंजिनियरचा चेहरा उतरला. “कुठली पट्टी? ती पिवळट, कडेला झिजलेली?”

“झिजलेली नाही. खाचा आहेत त्या.”

“मला वाटलं, कुरतडलीय. दिवे लावले तेव्हा मी ती बदलली, काका. नवी स्टीलची आणली. मोठ्या आकड्यांची, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. साधी, एक मीटरची. चांगली पट्टी दिली असंच वाटलं मला.”

आत्याने खिडकीकडे बघितलं. टेकूला तीच पट्टी होती, आजवर तिने ती नीट बघितलीच नव्हती. ती मोठ्या आकड्यांची पट्टी तिला किती आवडली होती! चष्मा न लावता वाचता यायची. दोन महिन्यांपूर्वी तिनेच ती हातात घेऊन दादाला म्हटलं होतं, “आता माझंही काम सोपं झालं बघ.” तिने तीनशेला ओरखडा काढला होता. नेमका, केसभरही इकडेतिकडे नाही. आणि तोच चुकला होता.

धाकटे मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकले होते. वर्षानुवर्षं बिलं तपासून त्यांना विसंगतीचा वास आधी यायचा. “थांब, दादा. पट्टी हातात धरली की कळतं, म्हणालास ना? खाचा नखाला लागतात. मग लाकडी जाऊन स्टीलची आली, खाचा गेल्या, हे तुला दोन महिन्यांत कळलं नाही?”

थोरल्यांनी टेबलावरचे तळहात मागे घेतले.

“दादा?”

थोरल्यांची नजर कॅलेंडरवरून भिंतीच्या कोपऱ्यात गेली. आत्याला ठाऊक होतं, याचा अर्थ ते आता थेट तिच्याकडे बघत होते. ‘कुणाला बोलू नकोस’ हे सहा वर्षांपूर्वी त्यांनी सांगितलं तेव्हाही असंच, तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत सांगितलं होतं. ती मूग गिळून बसली तर दादा विसरभोळा ठरत होता. हातात धरलेल्या पट्टीचं भान नसलेला म्हातारा. तोंड उघडलं तर आंधळा ठरत होता. आणि दोन्हीकडून खोली बंद होत होती. दुपारच्या सुट्टीत भाजलेल्या वाळूच्या वासातून उठून लाकडाच्या वासात जायचं, तो तिचा एक तास. त्या तासावर कुणाचंच नाव नव्हतं.

“त्यानं पट्टी हातात घेतलीच नाही,” आत्या म्हणाली. “माप मी घेतलं.”

“तू?” धाकटे हसलेच. “अक्का, तू कोअरमध्ये असतेस.”

“दुपारच्या सुट्टीत नसते. सहा वर्षं झाली.”

“कशाला?”

“मला दिसत नाही म्हणून,” थोरले म्हणाले. त्यांनी ते वजन उचलून टेबलावर ठेवल्यासारखं सांगितलं. “मधलं गेलंय. कडेचं दिसतं. आकडे दिसत नाहीत, तुमची तोंडंही दिसत नाहीत. आता झालं समाधान?” मग आत्याला, “सांगितलं होतं ना तुला?”

“सांगितलं होतंस. पण माझ्या चुकीपायी तुला वेडा ठरवलेलं मी ऐकून घेणार नाही. तूही मला पट्टीचं कधी सांगितलं नाहीस, दादा. सहा वर्षं मी तुझे डोळे होते आणि ही पट्टी वेगळी आहे एवढं सांगायला तुझी जीभ रेटली नाही.”

“मला वाटलं, तुला माहितेय. या घरात वाढलीस.”

“या घरात वाढले, पण दाराबाहेर.”

मास्तरणीने पेन खाली ठेवलं होतं. “बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही माझ्याकडे बघायचं सोडलंत, ते यामुळे?”

“बघतो की मी. बाजूनं बघतो.” थोरल्यांनी मान वळवली, जिथं ती बसली नव्हती तिकडे. “आत्ता बघतोय. निळं काहीतरी घातलंयस.”

घातलं होतं.

*

इंजिनियर मध्येच म्हणाला, “एक मिनिट,” आणि खाली बसला. “जुने पॅटर्न सगळे त्याच पट्टीनं केलेत ना? म्हणजे ते आधीच वाढीव आहेत.”

“सगळे,” थोरले म्हणाले.

“फाइल म्हणजे चित्रच, असं धरून मी सवयीनं वाढ घालत गेलो. मी स्कॅन केलेल्या साठांमध्ये परत एक टक्का घातलाय.”

धाकट्यांनी कपाळावर हात मारला. “म्हणजे तीनशेचं तीनशे तीन होऊन पडणार.”

“पडले नाहीत अजून. फाइलीत आहेत फक्त.” इंजिनियरने केसांतून हात फिरवला. “ओळ काढून टाकू म्हणालो मी. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी.”

“बरं झालं, फॉर्म पेननं नाही भरला,” आत्या म्हणाली, आणि त्या सकाळी पहिल्यांदा धाकटे खरोखरचे हसले.

मग कामाचं बोलणं सुरू झालं, म्हणजे भांडण. थोरले म्हणाले, माझं नाव काढा, आंधळ्याचं नाव देऊन हसं करून घेऊ नका. मास्तरणीने आता उलटी बाजू घेतली. बाबांचं नाव राहील, ती म्हणाली, आणि डोळ्यांचं खरं लिहायचं. धाकटे म्हणाले, खरं लिहिलं तर काम जाईल. खोटं लिहून मिळालं तर दोन वर्षांत जाईल, आणि तोंडघशी पाडून जाईल, असं मास्तरीण म्हणाली. इंजिनियर बापाच्या बाजूने सुरू झाला आणि वाक्य संपेपर्यंत बहिणीच्या बाजूला गेला. घरातल्या कुठल्याही भांडणात त्याचं असंच व्हायचं.

“मला विचारा की कुणीतरी,” आत्या म्हणाली.

विचारलं नाही कुणी, पण गप्प बसले.

“चौथ्या ओळीत दोन नावं लिहायची. त्याचं आणि माझं. मला आकडे दिसतात, त्याला लाकूड कळतं. लाकडाची रेषा कुठं फुटणार ते मला अजून कळत नाही, तो बोटानं सांगतो. आमच्या दोघांत मिळून एक पॅटर्नवाला आहे, तसंच लिहायचं.”

“फॉर्ममध्ये एकाच नावाची जागा आहे, अक्का.”

“बारीक लिही.”

“आणि वय?”

“एकाहत्तर आणि सहासष्ट. काळे केस वगैरे काही नाही.”

धाकट्यांनी लिहायला सुरुवात केली आणि थांबले. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं इतकी वर्षं रोज वापरातल्या कपाटात अचानक एक कप्पा सापडावा. “कोअरच्या ओळीतही तूच आहेस. तू पडलीस तर दोन ओळी कोऱ्या.”

“म्हणून तर म्हणतेय. पुढच्या जागेत याचं नाव लिही.” तिने इंजिनियरकडे बोट केलं.

“माझं? आत्या, मला रंधा धरता येत नाही.”

“पट्टी बदलता येते ना? आठवड्याला चार दुपारी येऊन बसायचं. तुझा स्कॅनर घेऊन ये, मला त्याचं काही वावडं नाही. छापायचं तर छाप. पण काय छापतोयस ते कळायला बाकापाशी बसावंच लागेल. आणि मी दादाला विचारीन ते सगळं तू लिहून काढायचं. आम्हा दोघांचं एकमेकांना जे सांगायचं राहिलं, ते आधी.”

“माझ्या वर्गात तेवीस जण आहेत,” मास्तरीण म्हणाली. “पॅटर्नचा विषय आमच्याकडे नऊ वर्षांपूर्वी बंद झाला, शिकवणारा निवृत्त झाला म्हणून. त्यातल्या दोघी-तिघी लाकडाला हात घालायला तयार होतील. पण इथं ओरडायचं नाही, बाबा. ओरडलात तर पळून जातील.”

“मी कुठं ओरडतो?” थोरले ओरडले.

धाकट्यांनी शेवटच्या रकान्यावर पेन्सिल ठेवली. “किती काळ लागेल?”

“सहा महिने,” इंजिनियर म्हणाला.

“दहा वर्षं,” थोरले म्हणाले.

“तीन,” आत्या म्हणाली. “पण तेवढी माझ्याकडे असायला हवीत, तेही लिही.”

धाकट्यांनी ‘तीन वर्षे’ लिहिलं. पुढचं वाक्य कसं लिहावं ते त्यांना सुचेना. थोडा वेळ घोटाळून त्यांनी तेही लिहिलं, जसंच्या तसं.

*

सगळे उठल्यावर आत्याने खिडकीतली पट्टी काढून घेतली. खिडकी धाडकन खाली आली. ती पॅटर्न खोलीत गेली, नवी स्टीलची पट्टी बाकावर ठेवली आणि तिच्यावर जुनी. एका बाजूची टोकं जुळवली. दुसऱ्या बाजूला जुनी पट्टी बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी पुढे गेली होती. मागून थोरले आले. त्यांनी विचारलं नाही, हात पुढे केला. तिने जुनी पट्टी त्यांच्या हातात दिली, आणि त्यांचं नख एकेका खाचेवर थांबत गेलं, शंभर, दोनशे, तीनशे.

“हीच,” ते म्हणाले. “ही तुझ्याकडे ठेव.”

तिने ती आपल्या खिळ्याला लावली. कोअरच्या खोलीत तिचा ॲप्रन अडकवायचा जो खिळा होता, त्याला. मग विचार बदलून परत आणली आणि बाकाच्या वर, पूर्वीच्याच जागी टांगली. इंजिनियरने तिच्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली: ‘ही पट्टी बदलू नये. का ते आत्याला विचारा.’

*

आत्या अकरा वर्षांची असताना वडिलांनी तिला चौकटीपाशी उभं करून याच पट्टीने मोजलं होतं आणि पुढे १४७ लिहिलं होतं. त्या दिवशी तिची खरी उंची जवळजवळ दीड सेंटिमीटर जास्त होती.